२०० सायकली त्याच, जाडी दर वेळी वेगळी: प्लाझ्मा एएलडीत थर का भरकटतो

प्लाझ्मा एएलडी (अ‍ॅटॉमिक लेयर डिपॉझिशन) म्हणजे वायूचा पल्स आणि प्लाझ्मा आळीपाळीने देऊन, सायकलीमागून सायकल, अतिपातळ थर चढवण्याचं तंत्र. त्याबद्दलची तक्रार नेहमी याच शब्दांत येते: रेसिपी तीच आहे, सायकली तितक्याच आहेत, तरी जाडी जुळत नाही. मागच्या वर्षी आमच्या लॅबमध्ये ही तक्रार दोनदा जोरात आली. जूनमध्ये थर जाड येऊ लागला, सप्टेंबरमध्ये पातळ. दोन्ही वेळा कुणीतरी सुचवलं की सायकली थोड्या कमी-जास्त करा आणि आकडा जुळवून घ्या. कृपया असं करू नका. २३ नॅनोमीटर जाडी जुळली तरी आतला थर तोच असेल याची काही खात्री नसते. ट्रान्झिस्टरच्या गेटखाली किंवा सोलर सेलच्या पाठीवर तो थर गेला की चूक कुठली होती हे नंतर शोधताही येत नाही.

आमची रेसिपी साधी आहे. सिलिकॉन वेफरवर ॲल्युमिनियम ऑक्साइड, वेफर ज्यावर ठेवतो तो टेबल २०० अंश सेल्सिअसवर. ट्रायमिथाइल ॲल्युमिनियमचा, म्हणजे टीएमएचा, २० मिलिसेकंदांचा पल्स. ३ सेकंद पर्ज, म्हणजे उरलेला वायू बाहेर काढणं. ३०० वॉटचा ऑक्सिजन प्लाझ्मा २ सेकंद. पुन्हा २ सेकंद पर्ज. मशीन निकोप असताना यातून दर सायकलीला १.१५ अँगस्ट्रॉम (०.११५ नॅनोमीटर) थर चढतो, म्हणजे २०० सायकलींना २३ नॅनोमीटर. जूनमध्ये याच रेसिपीने २७ दिले आणि सप्टेंबरमध्ये साडेएकोणीस.

या तंत्राचा सगळा भरवसा एका गोष्टीवर आहे: प्रत्येक पायरी आपली आपण थांबते. टीएमए पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना चिकटतो, मिथेन सुटतो, आणि चिकटायला जागा उरली नाही की कितीही टीएमए सोडला तरी पुढे काही होत नाही. मग प्लाझ्मातले ऑक्सिजन अणू टीएमएचे उरलेले मिथिल गट जाळतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते, पृष्ठभाग पुन्हा हायड्रॉक्सिलने भरतो. फिनलंडमध्ये टुओमो सुन्टोला यांनी १९७४ साली झिंक सल्फाइडच्या थरांसाठी हे तंत्र उभं केलं तेव्हापासून हा आपोआप थांबण्याचा गुणच त्याचा कणा आहे. त्यामुळे जाडी भरकटली की दोनच शक्यता उरतात. एखादी पायरी पूर्ण होत नाही, किंवा नको त्या वेळी काहीतरी आत शिरतं आहे.

हे एकदा मनात पक्कं बसलं की बरेच अंदाज आपोआप गळतात. "एसी बंद होता, टीएमएची बाटली तापली, म्हणून थर जाड आला" हे मी कितीतरी वेळा ऐकलं आहे. बाटली तापली की वाफेचा दाब वाढतो हे खरं, पण पायरी संपृक्त, म्हणजे जागा भरून आपोआप थांबलेली, असेल तर जास्तीचा टीएमए निमूट पंपात जातो. बाटलीच्या तापमानाने जाडी हलत असेल तर तुमचा डोस मुळात अपुरा होता, किंवा वाढलेल्या डोसाला ३ सेकंदांचा पर्ज पुरत नाही. उलट बाजूला मात्र लक्ष ठेवा: टीएमए १५ अंशांच्या आसपास गोठतो. खोली फार थंड ठेवणाऱ्यांनी बाटलीला हलकं तापमान नियंत्रण द्यावं.

आधी मोजमाप, मग मशीन

मशीनला दोष देण्यापूर्वी एलिप्सोमीटरचा, म्हणजे प्रकाशाने थराची जाडी मोजणाऱ्या मीटरचा, आकडा तपासा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

सिलिकॉनवर आधीच दीड-दोन नॅनोमीटर नैसर्गिक ऑक्साइड असतो. मॉडेलमध्ये तो वेगळा धरला नाही तर तो तुमच्या थरात मोजला जातो. समजा तो १.७ नॅनोमीटर आहे. १०० सायकलींचा खरा थर साडेअकरा, मीटर दाखवणार १३.२, आणि भागाकार केला की दर सायकलीला १.३२ अँगस्ट्रॉम. त्याच मशीनवर, त्याच दिवशी ४०० सायकली करणाऱ्याला ४७.७ मिळतील, म्हणजे १.१९. दोघंही प्रामाणिक, दोघांची मशीनबद्दलची मतं वेगळी. म्हणून एका जाडीला सायकलींनी भागू नका. ५०, १००, २०० आणि ४०० सायकलींचे चार तुकडे करा, जाडी आलेखावर मांडा, रेषेचा उतार घ्या. तो उतार म्हणजे खरा वाढीचा दर. रेषा शून्यावर न येता जिथे उभा अक्ष कापते तो आकडाही लिहून ठेवा, पुढे तो कामाला येतो.

दुसरी खबरदारी अपवर्तनांकाची. दहा नॅनोमीटरपेक्षा पातळ थरात जाडी आणि अपवर्तनांक एकमेकांत गुंततात. मीटरला दोन्ही मोकळे सोडले तर तो जाडी घटवून अपवर्तनांक वाढवेल किंवा उलट करेल, आणि फिट दोन्ही वेळा सुंदर दिसेल. अशा थरांसाठी ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीला १.६४ धरा आणि फक्त जाडी शोधा. जाड थरावर मात्र अपवर्तनांक जरूर मोजा, कारण निदानात त्याच्याइतका बोलका साक्षीदार दुसरा नाही.

जून: थर जाड, इनलेटच्या बाजूला जास्तच

२७ नॅनोमीटर. वेफरवर नऊ ठिकाणी मोजलं तर वायू ज्या बाजूने आत येतो तिकडे थर स्पष्ट जाड. नुकता पाऊस सुरू झाला होता, त्यामुळे सगळ्यांनी एकमुखाने दमटपणाला दोषी ठरवलं. मीही.

दमटपणाचा संशय खोटा नव्हता. ज्या मशीनला लोडलॉक (वेफर आत घेण्याची वेगळी निर्वात खोली) नाही, ज्याचं झाकण दर वेळी उघडून वेफर ठेवावा लागतो, त्याच्या भिंतींवर जुलैच्या हवेतलं पाणी भरपूर बसतं. ते हळूहळू सुटतं आणि टीएमएशी भिडतं. पण त्याची खूण वेगळी असते. भिंतीवरचं पाणी सुरुवातीच्या सायकलींत जास्त सुटतं आणि मग ओसरतं. म्हणून चार तुकड्यांच्या आलेखात रेषा वर सरकते, उतार फारसा बदलत नाही. आमच्या आलेखात उतारच वाढलेला होता, १.१५ वरून १.३५ वर. पहिल्या सायकलीपासून शेवटच्या सायकलीपर्यंत काहीतरी सारखं घडत होतं.

मग पर्ज अपुरा पडतो का, हे पाहिलं. टीएमएनंतरचा पर्ज ३ सेकंदांवरून १२ केला. जाडी २६.९. म्हणजे काहीच फरक नाही. पर्ज कमी पडत असता तर चौपट वेळ दिल्यावर जाडी खाली यायलाच हवी होती.

पुढचा प्रयोग प्लाझ्माच्या वेळेचा. २ सेकंदांऐवजी ४ सेकंद. जाडी ३१. हा आकडा पाहिल्यावर मी खुर्चीत ताठ बसलो. संपृक्त पायरीला जास्त वेळ दिला तर जाडी बदलत नाही. इथे २३च्या वरची वाढ ४ होती ती थेट ८ झाली, प्लाझ्माच्या वेळेच्या प्रमाणात. याचा अर्थ प्लाझ्मा पेटलेला असताना टीएमए आत येत होता आणि थर थेट वायूतून बसत होता. टीएमएचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता.

याची खात्री करणारी चाचणी सोपी आहे आणि ती प्रत्येक मशीनवर वर्षातून दोनदा व्हावी असं मला मनापासून वाटतं. नेहमीच्या रेसिपीत टीएमएचा पल्स शून्य करा, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि १०० सायकली चालवा. एकदा बाटलीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद ठेवून, एकदा उघडा ठेवून. बंद असताना चाचणी कशासाठी, तर नुसता ऑक्सिजन प्लाझ्माही सिलिकॉनवर थोडा ऑक्साइड वाढवतो, आणि ती वाढ वजा करावी लागते. आमच्याकडे दोन चाचण्यांतला फरक निघाला २ नॅनोमीटर. १०० सायकलींना २, म्हणजे २०० ना ४. जास्तीच्या जाडीचा हिशेब जुळला.

व्हॉल्व्ह उघडल्यावर डायफ्रामवर पांढरी पूड सापडली. महिनाभरापूर्वी वाहक वायूची लाइन बदलताना ओलसर हवा आत राहिली होती. टीएमए आणि पाणी जिथे भेटतील तिथे ॲल्युमिनियम ऑक्साइड होणार, मग ती जागा वेफर असो की व्हॉल्व्ह. तेव्हा पावसाळ्याचा हात यात होता, पण चेंबरमधून नाही, लाइनमधून.

हे काम घरगुती पद्धतीने करू नका. टीएमए हवेला लागताच पेटतो. बाटली बंद करून, लाइन नायट्रोजनने वारंवार भरून आणि पंपाने रिकामी करून, प्रशिक्षित माणसानेच व्हॉल्व्ह बदलावा. रात्री एकट्याने तर कधीच नाही. नवा व्हॉल्व्ह बसल्यावर पहिल्याच वेफरवर २३.१ आले.

सप्टेंबर: थर पातळ, पण सगळीकडे सारखाच पातळ

ही केस मला जास्त शिकवून गेली, कारण इथे लॉग सगळं ठीक आहे असं सांगत होता.

साडेएकोणीस नॅनोमीटर. वेफरभर एकसारखा. अपवर्तनांक नेमका १.६४. या शेवटच्या दोन गोष्टींवर थांबून विचार करा. टीएमएचा डोस अपुरा असता तर वेफरची दूरची बाजू जवळच्या बाजूपेक्षा पातळ दिसली असती. प्लाझ्मा कमजोर असता तर मिथिल गट अर्धवट जळून कार्बन आणि हायड्रोजन थरात अडकले असते, घनता उतरली असती आणि अपवर्तनांक १.६४च्या खाली आला असता. इथे थर गुणाने उत्तम होता, फक्त कमी होता. जणू काही सायकली झाल्याच नव्हत्या.

आणि तसंच होतं. १९.५ भागिले १.१५ अँगस्ट्रॉम केलं तर उत्तर १७० सायकली. उरलेल्या ३० सायकलींमध्ये प्लाझ्मा पेटलाच नव्हता. प्लाझ्मा न पेटता सायकल गेली तर पृष्ठभाग मिथिलनेच झाकलेला राहतो, पुढच्या टीएमएला चिकटायला जागा नसते, आणि ती सायकल मुकाट वाया जाते. थरात काही घाण शिरत नाही. म्हणूनच अपवर्तनांक निर्दोष.

मग लॉगमध्ये का दिसलं नाही? आम्ही जो स्तंभ बघत होतो तो फॉरवर्ड पॉवरचा होता. जनरेटर इमानाने ३०० वॉट पाठवत होता. रिफ्लेक्टेड पॉवरचा स्तंभ कुणी आलेखावर काढलाच नव्हता. काढल्यावर दिसलं की काही सायकलींत जवळजवळ सगळी शक्ती पूर्ण २ सेकंद परत येत होती. अलार्मही वाजला नव्हता, कारण रिफ्लेक्टेड पॉवर सलग १० सेकंद जास्त राहिली तरच तो वाजायचा. २ सेकंदांच्या पायरीला १० सेकंदांची सवलत म्हणजे पहारा नसल्यासारखंच. तुमच्या मशीनवर ही वेळ आजच तपासा आणि प्लाझ्माच्या पायरीपेक्षा कमी करा.

पेटत का नव्हता, हा पुढचा प्रश्न. आमचं मशीन सामाईक आहे, आणि त्याआधीच्या आठवड्यांत त्यावर टायटॅनियम नायट्राइडचे बरेच थर झाले होते. बाहेरच्या कॉइलची ऊर्जा आत पोचते ती विद्युतरोधक नळीतून. त्या नळीच्या आतल्या भिंतीवर वीज वाहून नेणारा धातूसारखा थर बसला की तो पडद्यासारखा आडवा येतो आणि १३.५६ मेगाहर्ट्झची शक्ती आतल्या वायूपर्यंत पुरेशी जात नाही. ॲल्युमिनासारखा (म्हणजे आमच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखा) ऑक्साइड नळीवर बसला तर ही अडचण येत नाही, नायट्राइडने किंवा प्लॅटिनमसारख्या धातूने येते. सुरुवातीला मॅचिंग, म्हणजे जनरेटरची शक्ती प्लाझ्माशी जुळवून देणारं सर्किट, कसंबसं सांभाळून घेतं, मग एखाद-दुसरी सायकल चुकते, आणि मग चुकांची संख्या वाढत जाते. जाडी दर आठवड्याला थोडी थोडी उतरत गेली ती याचमुळे.

उपाय तीन टप्प्यांत केला. पहिला, नळी काढून साफ करून घेतली. दुसरा, मॅचिंगच्या कपॅसिटरांची सुरुवातीची स्थिती ठरवून दिली. प्लाझ्मा नीट पेटल्यावर ते ज्या स्थितीला स्थिरावतात, तिथूनच दर वेळी सुरुवात करायला लावली. नाहीतर २ सेकंदांतला अर्धा वेळ जुळवाजुळवीतच जातो. तिसरा उपाय मला सगळ्यांत आवडतो: ऑक्सिजन दर सायकलीला चालू-बंद करण्याऐवजी पूर्ण वेळ वाहता ठेवला. या दाबाला आणि तापमानाला ऑक्सिजनचा रेणू पृष्ठभागावरच्या मिथिल गटांना जवळपास हात लावत नाही, ते काम प्लाझ्मातले अणूच करतात. त्यामुळे ऑक्सिजन वाहत राहिला तरी बिघडत नाही, उलट प्लाझ्मा पेटवण्याच्या क्षणी दाब स्थिर असतो. ज्यांना ऑक्सिजन बंद-चालूच करायचा आहे त्यांनी तो पॉवरच्या आधी किमान २ सेकंद सोडावा.

नळी साफ झाल्यावर लगेच महत्त्वाचा वेफर आत घालू नका. ऑक्सिजनचे अणू भिंतींवर आदळून पुन्हा जोड्या जमवतात आणि निकामी होतात, आणि हे प्रमाण भिंतीवर काय आहे यावर फार अवलंबून असतं. सिलिकॉन ऑक्साइडवर अणू सर्वांत जास्त टिकतात, ॲल्युमिनावर त्याहून कमी, उघड्या धातूवर खूपच कमी. चेंबर नुकताच नायट्राइडने माखला असेल तर तीच पॉवर, तोच वेळ देऊनही वेफरपर्यंत पोचणारे अणू कमी असतात. म्हणून आता दुसऱ्या पदार्थानंतर आम्ही रिकाम्या चेंबरमध्ये १०० सायकली ॲल्युमिनाच्या करतो आणि मगच कामाचा वेफर घेतो. दुसऱ्या गावाहून दोन दिवसांचा स्लॉट घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला या १०० सायकली वेळेचा अपव्यय वाटतात. त्याला मी सप्टेंबरचे आलेख दाखवतो.

खिडकी असेल तर डोळे वापरा

प्लाझ्माच्या प्रकाशातल्या तरंगलांबी वेगळ्या करून दाखवणारा स्पेक्ट्रोमीटर असेल तर फारच उत्तम. टीएमएनंतर प्लाझ्मा पेटला की पहिल्या काही क्षणांत हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची रेषा आणि कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे उमटतात, मिथिल जळून संपले की ते विझतात, आणि ऑक्सिजनची ७७७ची रेषा आपल्या नेहमीच्या उंचीवर येते. हे व्हायला लागणारा वेळ म्हणजे तुमची प्लाझ्माची पायरी किमान किती हवी याचं थेट उत्तर. ६५६ची रेषा पायरी संपेपर्यंत विझतच नसेल तर एकतर वेळ कमी आहे, किंवा जूनसारखा टीएमए झिरपतो आहे. आमच्याकडे हा स्पेक्ट्रोमीटर जूनमध्ये असता तर तीन आठवडे वाचले असते.

नसेल तर साध्या डोळ्यांनीही पुष्कळ कळतं. शुद्ध ऑक्सिजनचा प्लाझ्मा फिकट, पांढुरका असतो. त्यात गुलाबी-जांभळी झाक आली तर नायट्रोजन शिरतो आहे. पर्जचा नायट्रोजन उरला असेल, किंवा चेंबर कुठेतरी हवेला गळतो आहे. गळतीचा संशय आला की पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून चेंबरचा दाब कसा चढतो ते पाच-दहा मिनिटं पाहा. वेग मंदावत गेला तर भिंतींवरचं पाणी सुटतं आहे, थोडं तापवा आणि थांबा. सरळ रेषेत चढतच राहिला तर गळती आहे, हेलियम घेऊन ती शोधावीच लागेल.

तापमानाबद्दल थोडं

टेबल २०० दाखवतो म्हणून वेफर २०० वर आहे असं समजू नका. कमी दाबात उष्णता वेफरपर्यंत नीट पोचत नाही, वेफर टेबलापेक्षा बराच थंड राहतो, आणि आधाराला वापरलेल्या मोठ्या वेफरवर ठेवलेला छोटा तुकडा त्याहून थंड. पण जाडीच्या तक्रारीत याचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी. ऑक्सिजन प्लाझ्मा वापरताना वाढीचा दर खोलीच्या तापमानाला १.७ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतो, २०० अंशांना १.२च्या जवळ, ३०० ला १च्या. म्हणजे २०० च्या आसपास ५० अंशांची चूकसुद्धा दहा टक्क्यांच्या आत राहते, आणि ती रोज बदलत नाही. वेफर ठेवल्यावर दहा मिनिटं थांबा आणि हा मुद्दा सोडून द्या. प्लास्टिक किंवा सेंद्रिय थरांवर १०० अंशांखाली काम करणाऱ्यांनी मात्र दोन्ही पर्ज लांबवावेत. प्लाझ्माच्या पायरीत तयार होणारं पाणी थंड भिंतींना धरून बसतं, आणि तिथे २ सेकंदांचा पर्ज अजिबात पुरत नाही.

इंजिनिअरला बोलावण्याआधी हाताशी काय असावं

चार तुकड्यांचा जाडीचा आलेख, उतार आणि अक्षावरचा छेद दोन्हीसह. जाड थराचा अपवर्तनांक. वेफरवर किमान पाच ठिकाणची जाडी, इनलेट कोणत्या बाजूला आहे ते आकृतीत दाखवून. शून्य पल्सच्या दोन चाचण्यांमधला फरक. सगळ्या सायकलींची रिफ्लेक्टेड पॉवर एका आलेखावर. टीएमएच्या पल्सला दाबमापकावर उमटणारी उसळी किती उंच आहे आणि महिन्यापूर्वी किती होती, कारण बाटली संपत आली की ती आधी बसते आणि जाडी नंतर. आणि आधीच्या दोन आठवड्यांत त्या चेंबरमध्ये दुसऱ्या कुणी कोणते पदार्थ केले याची नोंद.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना एक दिवस लागतो, बाकीच्यांना दुसरा अर्धा. आम्ही आता दर सोमवारी १०० सायकलींचा एक चाचणी वेफर करतो, पाच ठिकाणी मोजतो, आणि रिफ्लेक्टेड पॉवरचा आलेख त्याच पानावर चिकटवतो. मागच्या सोमवारी ११.६ नॅनोमीटर आले, पाचही ठिकाणी ०.२च्या आत.